मिस्त्रींच्या कानाची सळई

मित्रांनो, मी सळई. हातभर लांब, बोटाएवढी जाड, एका टोकाला लाकडी बोंडी. म्हातारी झाले आहे, पण माझा मान मला माहीत आहे. डॉक्टर गळ्यात नळी मिरवतात ना, तिचंच काम मी जन्मभर केलं, तेही धडधडत्या इंजिनावर, अंगाला चटके सोसत. नळीला कुणी असे चटके देऊन बघावेत.

माझं माहेर म्हणजे एका मोडक्या ट्रकच्या ब्रेकचा दांडा. माझे धनी म्हणजे गॅरेजवाले मिस्त्री तेव्हा तरुण होते, लग्न नवं होतं. त्यांनी दांडा कापला, कानशीने घासून टोक गुळगुळीत केलं. कानाला लावायच्या बाजूला लाकूड हवं, म्हणून स्वयंपाकघरात शिरले आणि बायकोच्या लाटण्याची मूठ करवतीने उडवली. सगळे त्या बाईंना काकू म्हणतात. काकू त्या दिवशी गॅरेजभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "आता काय कोपराने लाटू?" ते थोटं लाटणं त्यांनी तीस वर्षं वापरलं आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवलं. म्हणजे मी लोखंडाची लेक आणि लाकडाची सून. दोन्ही घरची अब्रू मी राखली.

माझं काम असं. माझं टोक इंजिनावर टेकवायचं आणि बोंडी कानाला लावायची. आतला आवाज माझ्या अंगातून थेट कानात जातो. वरच्या झाकणाखाली टिकटिक असेल, शिवणयंत्रासारखी, तर ती टॅपेटची, म्हणजे झडपा दाबणाऱ्या ठोकळ्यांची. तिला घाबरायचं नाही, फट नीट लावली की ती शांत होते. पण खालून, जिथे ऑइल साठतं त्या चेंबरच्या बाजूने, जड ठोका आला, आत कोंडलेल्या माणसाने दार ठोकावं तसा, तर समजायचं की बेअरिंग गेलं. ऑइल कमी पडलं की लोखंडावर लोखंड घासतं आणि हे दुखणं सुरू होतं. तेव्हा इंजिन लगेच बंद करायचं. हा फरक मिस्त्रींना डोळे मिटून कळायचा. लांबलांबचे ड्रायव्हर गाडी घेऊन यायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, तुमची सळई लावा, बाकी काही सांगू नका." मी फुगून जायचे. का फुगू नये?

मग मिस्त्रींचा कान वाहू लागला. दुसराही तसाच झाला. त्यांनी कापसाचे बोळे घातले आणि ते दिसू नयेत म्हणून डोक्यावरून कानांपर्यंत रुमाल बांधला. गिऱ्हाइकांना सांगायचे, वारा बाधतो. भर उन्हाळ्यात कसला वारा? घरात काकूंनी हेरलं होतं. एकदा दारात उभ्या राहून लेकीला म्हणाल्या, "मी यांना म्हटलं, घराला आग लागली. तर म्हणतात, हं, झाकून ठेव." लेक हसली. ती गॅरेजात वडिलांच्या बरोबरीने काम करायची, हात वडिलांचे आणि जीभ आईची. दोघी हसल्या, पण मिस्त्रींना जवळ बसवून कुणी काही विचारलं नाही. आणि बोंडी आता रुमालावरून कानाला लागू लागली. कापडाआडून आणि कापसाआडून मी काय डोंबल पोहोचवणार?

दोन वर्षं असंच रेटलं. गाड्या साध्या दुखण्याच्या आल्या, म्हणून निभावलं.

एके दिवशी दुपारी रेडिओ आला. रेडिओ हा एक ड्रायव्हर, मिस्त्रींचा जुना मित्र. गाडीतून उतरण्याआधी बोलायला लागायचा, म्हणून हे नाव पडलेलं. ट्रक त्याचा स्वतःचा होता. बायकोनंतर ट्रकचाच नंबर, असं तो म्हणायचा. बायको म्हणायची, माझ्या आधी. पण त्या दिवशी रेडिओ गप्प होता. फक्त म्हणाला, "कसलासा आवाज येतोय. बघा जरा. परवा माल घेऊन डोंगरापलीकडे जायचंय."

लेकीने ऑइलची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत होतं आणि मधासारखं स्वच्छ. डिझेलच्या इंजिनात ऑइल चार दिवसांत काजळासारखं काळं होतं. लेकीच्या कपाळाला आठी पडली.

"हे कधी भरलं?"

"गाडीला उपाशी ठेवणारा वाटलो का मी तुला, ताई?"

"मी कधी भरलं ते विचारलं. उपासाचं नाही."

"अगं, भरलंय ना? मग झालं तर."

मिस्त्रींनी मला खिळ्यावरून काढलं. लेकीने इंजिन सुरू करून रेस दिली. माझं टोक आधी वर टेकलं. टिकटिक होतीच, थोडी. मग खाली, चेंबरच्या कडेला. आणि माझ्या अंगातून तो गेला. थड्. थड्. थड्. मित्रांनो, मी जीव खाऊन थरथरले. पण बोंडी रुमालावर होती. मिस्त्रींनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, "वरचा आवाज आहे. टॅपेट. फट लावून देतो, जा बिनघोर."

लेक पुढे आली. ठोका तिला नुसत्या कानांनी ऐकू आला होता.

"बाबा, डिझेलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करून बघू का?"

ही जुनी चाचणी आहे. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडलं की ठोका दबतो, त्याचं बेअरिंग गेलेलं असतं. पाच मिनिटांचं काम. पण मिस्त्रींना ते झोंबलं.

"नट सैल करतात बहिरे लोक. माझे कान अजून शाबूत आहेत."

खरं सांगते, त्या क्षणी मलाही बरं वाटलं. मी असताना नटांना कशाला विचारायचं? असा माझा तोरा. लेकीने रेडिओकडे पाहिलं. त्याची नजर जमिनीला होती. तिने वडिलांकडे पाहिलं, रुमालाच्या गाठीकडे पाहिलं. चारचौघांत वडिलांना बहिरं म्हणायचं तिच्या जिवावर आलं. तिने हातातला पाना पेटीत ठेवला. मी आयुष्यात पुष्कळ ठोके ऐकले, पण पाना पेटीत ठेवल्याचा तो आवाज अजून माझ्या अंगातून जात नाही.

टॅपेट लावले, टिकटिक गेली. रेडिओ गाडी घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी लेकीला फोन आला. भरल्या गाडीने डोंगर चढताना इंजिनातल्या तीन नंबरच्या सिलिंडरचा दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. गाडी चढावर बंद पडली. ती मागे घसरू नये म्हणून रेडिओ चाकामागे दगड लावायला उतरला आणि तेवढ्यात गाडी चाकाच्या एका फेऱ्याएवढी मागे आली. त्याचा डावा पाय गुडघ्यापासून खालचा गेला.

ट्रक ओढत गॅरेजात आणला. लेकीने चेंबर उघडलं. बेअरिंग झिजून कागद झालं होतं, शाफ्ट तापून निळा पडला होता. मिस्त्रींनी वाकून ते पाहिलं. मग त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडला, कानातले बोळे काढून सगळ्यांसमोर जमिनीवर टाकले आणि मला कोपऱ्यात भिरकावलं. त्यानंतर ते पान्याला शिवले नाहीत. दाराशी स्टूल टाकून बसायचे. डॉक्टर म्हणाले, पडदे फाटलेत, फार उशीर केलात.

ट्रक भंगारात गेला. मला कुणीतरी उचललं आणि खिडकीचं झापड मिटू नये म्हणून टेकूसारखं उभं केलं. आठ महिने मी तिथे उभी होते, पाऊस खात, गंज चढवत. मी, जिच्यासाठी लोक रांग लावायचे!

मग एका सकाळी रेडिओ कुबड्या घेऊन आला. मिस्त्रींसमोर बसला आणि खालच्या आवाजात बोलू लागला. मिस्त्री म्हणाले, "हं." तो आणखी बोलला. "हं." रेडिओचा चेहरा उतरला.

"मिस्त्री, मी गुन्हा कबूल करतोय आणि तुम्ही हं काय म्हणताय?"

काकू चहा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "अरे बाबा, त्यांच्यापर्यंत काही पोहोचत नाहीये. मी ओरडून ओरडून घसा फोडला."

लेकीने इकडेतिकडे पाहिलं आणि मला खिडकीतून ओढलं. झापड धाडकन पडलं. तिने माझी बोंडी पुसली आणि वडिलांच्या कानामागच्या हाडावर दाबून धरली. टोक रेडिओच्या गळ्याखाली, छातीच्या हाडावर टेकवलं.

"आता बोला काका."

त्याने कुबडी खाली ठेवली आणि सुरुवात केली.

"ऑइलचा लाल दिवा पेटला होता, मिस्त्री. मी पाहिला होता. साठ किलोमीटर तसाच आलो. आणि तुमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन डबे ऑइल ओतलं. तुम्ही रागवाल म्हणून."

जन्मभर मी इंजिनं ऐकली. माणूस पहिल्यांदाच माझ्यातून गेला. मिस्त्रींचा हात वर आला आणि त्यांनी मला घट्ट धरलं.

"पुन्हा बोल."

"चूक माझी होती."

"पुन्हा बोल. काहीही बोल."

रेडिओ बोलत राहिला. रस्त्यांचं, बायकोचं, आता बसवायच्या लाकडी पायाचं. मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी ते म्हणाले, "मला दोन वर्षं ऐकू येत नव्हतं रे. मी सांगितलं नाही." लेकीने मान खाली घालून माझं टोक स्वतःच्या छातीला लावलं. "बाबा, ठोका मला ऐकू आला होता."

तिघांचं बोलून झालं. पाय काही परत आला नाही, ट्रकही आला नाही.

आता मी मिस्त्रींच्या स्टुलाजवळ असते. काकू दिवसातून चार वेळा मला गळ्याखाली धरून त्यांना रागावतात आणि ते निमूट ऐकतात. इंजिनं लेक बघते, नट सैल करून, वेळ घेऊन.

मित्रांनो, लाल दिवा पेटला तर गाडी तिथल्या तिथे बंद करा. ऑइल ओतून खोटं झाकू नका. आणि घरातलं कुणी सारखं नुसतं "हं" म्हणू लागलं तर हसू नका, त्याच दिवशी जवळ बसून विचारा. मला तोंड नव्हतं, मी नुसती थरथरले. तुम्हाला आहे.