भिंतीपलीकडची बांगडी

"एवढी जाड? हिचं मनगट होतं की खांब?" असं पुटपुटत एका बाईंनी माझ्या पेटीच्या काचेला नाक टेकवलं.

मित्रांनो, त्या जिला नावं ठेवत होत्या ती मी. मी एक जुनी काचेची बांगडी आहे. खरं सांगायचं तर अर्धीच. रंग हिरवट निळा, वर पांढरी वळी, मुक्काम एडिनबरामधलं एक म्युझियम.

बाई म्हणजे पुण्याच्या सुचेताताई. थोरल्या लेकीकडे, मालविकाकडे, आल्या होत्या. धाकट्या निधीचं शनिवारी रीडिंग शहरात लग्न, आदल्या दिवशी चुडा भरायचा. मालविका तिथेच उभी राहून फोनवर निधीला बांगड्यांची मापं सांगत होती. "मावशीची वैभवी दोन-चार, मी दोन-सहा, माझ्या सासूबाई दोन-आठ." शेजारच्या सोफीचंसुद्धा माप झालं. आईचं मात्र कुणी काढलं नाही. यजमान गेल्यापासून वर्षभर सुचेताताईंची मनगटं मोकळी होती. चुड्याला त्या बसणार की आत चहाचं बघणार, हे दोघी लेकी विचारत नव्हत्या. साडी झाली, हॉल झाला, केटरर झाला. तेवढं सोडून सगळं बोलून झालं होतं.

"आजी, हा बांगडी रोमन आहे?" नात दियाने विचारलं.

"ही बांगडी," आजी म्हणाल्या.

"हो गं, रोमनच," मालविका फोनवरची नजर न हटवता म्हणाली. "इथल्या लोकांना त्यांनीच शिकवलं सगळं."

इथे माझं डोकं फिरतं, मित्रांनो.

मी आधी बाटली होते, हे कबूल. रोमन छावणीतली चौकोनी, तेलाची. त्यांनी या बेटाच्या कमरेला दगडी भिंत बांधली आणि पलीकडच्यांना रानटी ठरवलं. मी फुटले तेव्हा माझे तुकडे पिशवीत घालून कुणीतरी उत्तरेला, त्या रानटी मुलखात नेले. तिकडे रोमन मालाची हौस दांडगी. सरदाराच्या घरी रोमन पेला आला की आठवडाभर त्याची मान खाली यायची नाही. पण बाटल्यांच्या तुकड्यांचं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एका बाईने मला भट्टीत वितळवलं, लोखंडी सळईवर घेतलं आणि गरगर फिरवत रुंद केलं. कुठे सांधा नाही, बघा हवं तर. असली बांगडी रोममध्ये कुणी घालत नव्हतं. काच त्यांची, हौस आमची.

तिच्या हातात मी खूप मिरवले. मग एकदा जात्याच्या खुंट्यावर आपटून दोन तुकडे झाले. तिने मला फेकलं नाही, कमरेच्या पिशवीत ठेवलं. पुढे घर पडलं आणि मी मातीखाली गेले. वर बटाट्याची शेतं आली. नांगराने मला बाहेर काढलं, तर कुणीतरी चिठ्ठीवर 'रोमन' लिहून मला कपाटात टाकलं. मला घडवणारीचा उल्लेखही नाही. आता कुठे खरी पाटी लागली आहे.

सुचेताताईंनी चष्मा लावून ती पाटी सावकाश वाचली. मग म्हणाल्या, "बाटली वितळवून बांगडी केली हिने. कुणाला विचारलं असेल का गं?"

"कुणाला विचारणार?" मालविका म्हणाली.

"तेच म्हणते मी."

जुन्या वस्तू जपा, मित्रांनो. पुसा, नीट ठेवा. पण त्या कुणाच्या हातातल्या होत्या, हे आधी विचारा. नुसतं जपणं म्हणजे कपाटात टाकणंच.

तेवढ्यात फोनमधून निधीचा आवाज आला. "ताई, झाली ना सगळी मापं? दुकान बंद होईल."

"हो, झाली," मालविका म्हणाली.

"झाली नाहीत," सुचेताताई म्हणाल्या. फोन त्यांनी लेकीच्या हातातून हलकेच काढून घेतला. "निधी, माझं दोन-सहा. हिरव्याच घे. मी चुड्याला तुझ्या शेजारी बसणार आहे. तुझे बाबा गेले, बाळा. माझे हात आहेत अजून."