टाकीतला पहिलवान आणि माझी दुसरी बाजू

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. काळी, गोल, कडेचा एक टवका उडालेली. ही थापा मारते असं कुणी म्हणेल, पण थापा मारायला तोंड लागतं, आणि मला आहेत फक्त खाचा.

माझा जन्म झाला कानठळ्या बसवणाऱ्या एका हेवी रॉक बँडच्या घरात. हे चौघे वाजवू लागले की शेजारच्या चष्मेवाल्याकडच्या काचा आपोआप नंबर बदलत. त्यातला ड्रम वाजवणारा पहिलवान तर विचारूच नका. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याच्या पहिल्याच ठोक्याला यंत्राचा आवाज मोजणारा काटा आडवा झाला. रेकॉर्डिंगवाल्या काकांनी त्याला बोळात बसवलं, मग जिन्यात बसवलं. काटा आडवाच. गायकानं बजावलं, "आज जमलं नाही, तर दुसरा ड्रमवाला बघू." पहिलवानाचं तोंड एवढंसं झालं.

गच्चीवर पाण्याची एक रिकामी टाकी होती, खोलीएवढी. काकांनी त्याला ड्रमसकट तिच्यात उतरवलं, माइक सोडला आणि एक लाल दिवा टांगला. दिवा लागला की सुरू करायचं, विझला की थांबायचं. त्याचं वाजवणं खाली ऐकू येई. खालचं त्याला काहीच नाही.

टाकीत पडलेला ठोका सात वेळा भिंतींना धडकून, दमूनभागून बाहेर पडे. तो जाईपर्यंत पुढचा मारण्यात अर्थ नव्हता, म्हणून पहिलवान जन्मात पहिल्यांदा हळू वाजवू लागला. खाली गिटारवाल्यानंही सूर लांबवले. पाय आपटत निघालेलं गाणं बघता बघता चंद्र ओलांडून गेलं. याला स्पेस रॉक म्हणतात, हे त्यांना पुढे तबकड्यांच्या दुकानदारानं सांगितलं.

दिवा मात्र विझेना. एकोणीस मिनिटांनी हात भरून आले, तेव्हा पहिलवान आपणच थांबला. खाली येताना खिडकीतून बघतो तर मंडळी चहाचे कप घेऊन बसलेली. आपल्याला टाकीत विसरून यांचा चहा चाललाय! काठ्या काखोटीला मारून तो निघाला, तो थेट मेव्हण्याच्या रंगाच्या दुकानात ब्रश विकायला बसला. गरज असेल तर येतील बोलवायला, असं तो म्हणे. राग उतरला की येईल परत, असं गायक म्हणे. तीस वर्षं दोघेही हटले नाहीत.

खरं काय घडलं ते माझ्या दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी आहे. पण तिथवर जागं कोण राहतंय? तबकड्यांच्या दुकानात गिऱ्हाईकं मला परत आणून देत. एक जण म्हणाला, "डोकं उठावं म्हणून घेतली होती, तर झोप लागली." काही केसाळ मंडळींनी मात्र मला डोक्यावर घेतलं. जमिनीवर उताणे पडून ते ऐकत आणि तसेच घोरत. मग तेही दिवस गेले. एका घरात माझ्यावर गरम पातेली ठेवत. शेवटी मी भंगारवाल्याच्या ढिगात आले.

तिथे पहिलवानाच्या मुलीनं मला उचललं. वेष्टनावरचा फोटो बापापुढे धरून तिनं विचारलं, "बाबा, हे तुम्ही?"

"केस माझे आहेत," तो म्हणाला. "बाकी मला काही माहीत नाही."

तिनं कुठून तरी तबकडी वाजवायचं यंत्र मिळवलं आणि दुसरी बाजू लावली. पहिलवान पाठ फिरवून बसला होता. गाण्याच्या मध्यावर तो जरा वळला. पुढे कान देऊन बसला. शेवटचा ठोका विरत असताना, खालच्या खोलीत चालू राहिलेल्या माइकमधून काकांचा आवाज आला, "चहा निवला सगळ्यांचा. दिवा बंद करू?"

आणि गायक दबक्या आवाजात म्हणाला, "हात लावशील तर याद राख. वाजवू दे त्याला. असं पुन्हा कोण वाजवणार आहे?"

पहिलवानानं सुई उचलून तेवढंच पुन्हा लावलं. तीनदा. मग गायकाला फोन केला.

"दुसरी बाजू ऐकली," तो म्हणाला.

"आत्ता? तीस वर्षांनी?"

"वर येऊन सांगायला काय झालं होतं मेल्या तुला?"

त्यावर दोघे तासभर भांडले. मुलीनं दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा ती एकटीच जेवली.

तेव्हा मित्रांनो, आम्हां तबकड्यांना कडेनं धरा, आमची धूळ पुसा, आमच्यावर पातेली ठेवू नका. आणि कुणाचं काम आवडलं तर लगेच दोन जिने चढून जा आणि त्याच्या तोंडावर सांगा. माझ्या भरवशावर राहू नका. मी पडले तर फुटते.