थिअरी नवऱ्याची, गाडी माझी

माझा नवरा ऑफिसात जुन्या फायली सांभाळतो. कामाच्या वाटण्या करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

मी दवाखान्यात नर्स. घरोघरी जाऊन पेशंट बघायची एक जागा निघाली, दवाखान्याची गाडी मिळणार होती. पंधरा वर्षं वॉर्डात उभी राहून माझ्या पायांचे नुसते खांब झालेत, त्यामुळे ती जागा मला हवी म्हणजे हवीच होती. अट एकच, महिनाअखेर लायसन्स. नाहीतर जागा दुसरीला.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी सकाळी आणि थिअरी संध्याकाळी. संध्याकाळी माझी ड्यूटी. नवरा म्हणाला, थिअरीला मी बसतो, घरी तुला शिकवतो. मीही भोळीभाबडी, हो म्हणून बसले.

आणि हा बाबा वर्गात पहिला आला! मग काय विचारता. स्वयंपाकघरात मी ओट्याकडून फ्रिजकडे वळले तरी विचारायचा, इंडिकेटर दिलास का. मला शिकवायचं म्हटलं की मात्र आज तू दमलीस, उद्या बघू. सकाळी गाडीत मागे बसायचा आणि पाटी दिसली की हुकूम सोडायचा, थांब, हळू, डावीकडे. मी त्याच्या तालावर झकास चालवायचे. शिकवणारे उस्ताद खूश, त्यांना डुलकी काढायला मिळायची.

परीक्षेला आधी पेपर, मग गाडी. नवरा नवा शर्ट घालून माझ्या पुढे रांगेत. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, परीक्षा कुणाची?

"थिअरी माझी, गाडी हिची," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि आमच्याकडे पुन्हा पाहिलं. मग फॉर्म माझ्या हातात दिला. वीसपैकी चार उत्तरं बरोबर आली. गाडीपर्यंत मी पोचलेच नाही.

बाहेर येऊन मी त्याला भर फुटपाथवर धारेवर धरलं. महिनाभरात एक धडा शिकवायला काय धाड भरली होती? आधी म्हणाला, माझ्या भागात मला पैकीच्या पैकी आहेत. मग मान खाली घालून बोलला, "तुला सगळंच आलं असतं, तर मी गाडीत कशाला हवा होतो?"

मला रडूच आलं, रागाने. परत खिडकीशी गेले आणि महिन्यातली शेवटची तारीख घेतली. थिअरीचं पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं, पाच दिवस घासून वाचलं, एकटी गेले आणि दोन्ही पास झाले.

सोमवारी दवाखान्याची गाडी घेऊन निघाले, तर हा डबा घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी उभा. म्हणाला, पहिल्या पेशंटपर्यंत येऊ? खोटं कशाला सांगू, जीव तुटला माझा. डबा घेतला आणि गाडीचं दार आतून लावून घेतलं.