जाळी वर बांधलेली होती

मित्रांनो, मी एक फाटका फलक आहे, तोही अर्धाच. धड होतो तेव्हा माणसापेक्षा वीतभर उंच होतो आणि पायाशी असलेल्या पत्र्याच्या पेटीतून सर्रकन वर येत असे. माझ्यावर एका कारखान्यातला, प्रेस चालवणारा कामगार छापला होता. सगळे त्याला हसऱ्या म्हणत. त्याच्या डोक्यावर ‘या, आमच्याबरोबर घडा’ अशी ठळक अक्षरं होती.

पत्रा ठोकून घडवणाऱ्या या प्रेसच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी असते. ती खाली आली की हात बाहेर राहतो, मगच ठोका पडतो. पण जाळीने काम मंदावतं, म्हणून फोरमनने ती तारेने वर बांधून ठेवली होती. हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की फोटो काढणारा, साहेब, खुद्द हसऱ्या, कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मीही ती तार अंगावर मोठ्या तोऱ्यात मिरवली.

दरवर्षी फोरमन मला विद्यापीठातल्या नोकरी मेळाव्याला नेई. कारखान्यातर्फे तोच बोलायचा. ‘आमच्याकडे माणसाला घरच्यासारखं सांभाळतात,’ असं म्हणून तो माझ्याकडे बोट दाखवी. मुलं रांग लावत आणि मी फुशारून जाई.

एरवी मी ऑफिसात काचेमागे उभा असे. तिथूनच मी ते पाहिलं. ठोका पडला आणि हसऱ्याचा उजवा हात खाली सापडला. मनगटापर्यंत चेंदामेंदा झाला. रक्त समोरच्या भिंतीपर्यंत उडालं. तो गुरासारखा ओरडत होता. फोरमन धावत आला. मित्रांनो, त्याने आधी तार कापली, जाळी खाली ओढली आणि मग हात सोडवला.

कागदावर लिहिलं गेलं की जाळी खालीच होती, कामगाराने निष्काळजीपणे बाजूने हात घातला. हात तर गेलाच, वर ठपकाही त्याच्याच माथी आला.

यंदाच्या मेळाव्यालाही मलाच नेलं. माझ्याकडे नीट बघायची सवयच कुणाला उरली नव्हती. पण त्याच विद्यापीठात हसऱ्याची धाकटी बहीण शिकते. ती रांग सोडून सरळ पुढे आली.

“काका, ही जाळी वर का बांधलीय?”

फोरमनने वळून पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “जुना फोटो आहे गं. तू फॉर्म भर.”

“जुनाच हवाय मला. यात माझ्या दादाचा हात आहे.”

त्याने मला उचललं, तिने माझी कड धरली. तो ओढू लागला, ती सोडेना. मग त्याने मला मागून ताठ धरणारा माझा दांडा उपसला आणि तिच्या तोंडावर हाणला. एकदा नाही, तीनदा. ओठ फाटला, दात पडला, तरी तिची मूठ सुटली नाही. मी मधोमध टरकन फाटलो. मुलांनी फोरमनला खाली पाडून तुडवलं, त्याच्या डोक्यात खुर्ची घातली. सोडवेपर्यंत त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. मला त्याचा आनंद झाला नाही. तिच्या तोंडावर बसला तो दांडा माझा होता, याची लाज मला अजून वाटते.

हसरा चेहरा तिकडे राहिला. हात, जाळी आणि तार असलेला अर्धा मी तिच्या मुठीत आलो. कारखान्याने लगेच नवा फलक छापला. चित्र तेच, फक्त संगणकावर जाळी खाली आणली आहे. तार आता एकट्या माझ्यावर उरली आहे. तिच्या तक्रारीवरून अपघाताची पुन्हा चौकशी लागली आहे आणि चौकशीवाल्यांनीही सांगितलंय की मोबाइलवरचा फोटो चालणार नाही, मूळ फलकच आणा.

“नीट ठेव गं,” हसऱ्या रोज म्हणतो.

“ठेवलंय रे दादा.”

खरंच, ती मला जिवापाड जपते. रोज उघडून बघते आणि चार घड्या घालून पिशवीत ठेवते. मित्रांनो, माझ्यासारख्याची घडी घालायची नसते, गुंडाळी करायची असते. घडीवर रंगाचे पापुद्रे सुटतात. चौकशीला अजून नऊ दिवस आहेत आणि घडी नेमकी तारेवर पडते आहे. मला तर तिच्याशी बोलता येत नाही. तुमच्यापैकी कुणी तिच्या वर्गात असेल, तर एवढं तिला आजच सांगा.