मैनाबाईच्या गवतातली कसर

"हे पाय! तुह्या गवतातली कसर!"

कोष्टीआळीचे पंच मारोतराव यांनी मूठ उघडली. तळहातावर राखेच्या कणाएवढं चंदेरी पाखरू मरून पडलं होतं.

"उद्या आमचं रेशीम खाईन हे. पोळ्याची मारबत निघायच्या आत भारे घेऊन गल्ली सोड."

मैनाबाईनं हातातला विळा खाली ठेवला नाही. नवरा नत्थू गेल्यापासून टांगेवाल्यांना गवत विकून ती याच गल्लीत ताठ जगत होती.

"मामाजी, कसर कापड खाते. हे गवताचं लेकरू होय." तिनं एक पातं ओढून उन्हात धरलं. पात्यात पांढरी रेघ, रेघेच्या टोकाला, दोन पापुद्र्यांच्या मधे, वळवळती अळी. "इथंच खाते, इथंच राह्यते. तुमच्या मागाशी तिले काय करा लागते?"

"विनकराले कसर शिकवून राहिली काय वं?"

जमलेले सगळे विणकर खदखदून हसले.

हसणाऱ्यांचं सांगतो. गिरणीच्या कापडानं गल्लीतले निम्मे माग अडगळीत घातले होते. गिरणीच्या फाटकावर जाऊन बोंब मारायची छाती एकाचीही नव्हती. मग राग काढायला सापडलं कोण? एक पाखरू आणि एक विधवा. मर्दच ते!

मैनाबाई आत गेली. नत्थूनं लग्नात तिच्यासाठी विणलेलं लाल रेशीमकाठी लुगडं तिनं पेटीतून काढलं. तो गेल्यापासून त्याची घडी मोडली नव्हती. सगळ्यांदेखत तिनं ते पडवीतल्या भाऱ्यात खुपसलं.

"मारबतीपर्यंत राहू द्या इथंच. एक भोक निघालं तं मीच जातो."

"अन् नाही निघालं तं?" शेजारच्या जनाबाईनं विचारलं.

"तं हे तोंडं मिटतीन."

गावाची इडापिडा घेऊन मारबतीचा पुतळा निघाला त्या दिवशी पोरं मुद्दाम तिच्या दारावरून ओरडत गेली, "मैनीची कसर घेऊन जा गे मारबत!"

मागोमाग मारोतराव आले. भारा सोडताच पाखरांचा धूर उठला. मैनाबाईनं लुगडं झटकलं. मारोतरावांनी काठ डोळ्यांजवळ नेऊन इंच न् इंच तपासला. भोक नव्हतं. तरी त्यांची बोटं काठावरून निघेनात.

"नत्थूचा हात," ते पुटपुटले. "असा काठ आता कोन विनते?" मग घसा खाकरून म्हणाले, "राह्य मैना. हे जपून ठेव पेटीत."

"पेटीत? कसर तं पेटीतच लागते, मामाजी."

दुसऱ्या दिवशी गल्लीनं पाहिलं. तेच लाल काठाचं लुगडं नेसून, काष्टा खोचून, विळा घेऊन मैनाबाई गवताला निघाली. विधवेनं हे नेसावं? पण एकाचंही तोंड उघडलं नाही.

ती परतली तेव्हा डोक्यावर ओला भारा होता. पाणी पदरावर निथळत होतं आणि नत्थूच्या काठाचा लाल रंग तिच्या दंडावरून हळूहळू खाली उतरत होता. तिनं तो पुसला नाही.