दीडपट पगाराचा साडू

माझ्या साडूला आमच्या घरात सगळे ‘दीडपट’ म्हणतात. अर्थात पाठीमागे. तो आणि मी एकाच नळ-शॉवरच्या कंपनीत सेल्स सुपरवायझर; मी इथे, तो मोठ्या शहरात. काम तेच. दुकानदारांच्या मिनतवाऱ्या करायच्या, हाताखालच्यांना दम भरायचा आणि टार्गेट चुकलं की साहेबांची बोलणी खायची. पगार मात्र त्याला दीडपट, आणि हे तो खुर्चीत टेकायच्या आधी ऐकवतो.

यंदा तिकडे सुपरवायझरची आणखी एक जागा निघाली. साहेबांनी मला विचारलं. साडूला वास लागलाच. रोज फोन सुरू.

“किती दिवस त्या डबक्यात बसणार? ये इकडे, जरा माणसांत ये!”

बायकोला हुरूप आला. मी म्हटलं, आधी बघून तर येऊ.

दोघं गेलो. त्याचं दार उघडलं की थेट पलंगाला आपटायचं. एकाच खोलीत मधोमध पडदा. अलीकडे हॉल, पलीकडे बेडरूम. पोरगी वॉशिंग मशीनवर वही ठेवून अभ्यास करत होती. मशीन फिरायला लागलं की तिचं अक्षर वाकडं व्हायचं. साडू मला खिडकीशी घेऊन गेला.

“व्ह्यू बघ!”

समोरच्या इमारतीत एक माणूस बनियनवर दाढी करत होता.

“छान आहे,” मी म्हटलं. “ओळखीचा आहे का?”

साडू हसला नाही. भाडं विचारलं तर म्हणाला, “अर्धा पगार जातो. पण अर्धा कशाचा? दीडपटीचा!” उरलेला अर्धा शाळा, शाळेची बस आणि त्याचा रोजचा प्रवास गिळत होता. मग हाती काय, हे विचारल्यावर त्याने चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅनेजरला भेटलो. बिचारा सरळ माणूस. म्हणाला, “तुम्ही लवकर होकार द्या हो. तुमची तिकडची खुर्ची रिकामी झाली की तुमच्या साडूंना पाठवता येईल. किती दिवस मागे लागलेत बदलीसाठी!”

मी तडक साडूच्या घरी आलो.

“काय रे, डबक्यात उतरायचंय म्हणे तुला?”

त्याचा चेहरा पडला. “ते… पोरीच्या तब्येतीसाठी. इथली हवा…”

“हवेचं नाव कशाला घेतोस?” पडद्यामागून मेहुणी कडाडली. “भाऊजी, महिना संपायच्या आठवडाभर आधी घरातला पैसा संपतो. मग हे माझ्या आईकडे हात पसरतात आणि वर तुम्हाला शहाणपण शिकवतात. तुम्ही मुळीच येऊ नका.”

माझी बायको उठली आणि बॅग भरायला लागली. साडू खिडकीबाहेर बघत बसला. त्याची कीव यायला हवी होती. मला किळस आली. स्वतः सुटण्यासाठी या माणसाने माझ्या बायकापोरांना त्या पडद्यामागे कोंबलं असतं, आणि वर उपकार केल्याच्या थाटात मिरवला असता.

मी नकार कळवला. पुढे मेहुणीने नवऱ्याच्या बदलीची वाट पाहिली नाही. आमच्या गल्लीतच दोन खोल्या घेतल्या, एका दवाखान्यात रिसेप्शनला नोकरी धरली आणि पोरीला इथल्या शाळेत घातलं. साडू तिकडे एका पलंगाची जागा भाड्याने घेऊन राहतो. सुट्टीला येतो तेव्हा कडक इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यात उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगतो, “आमची दोन शहरांत दोन घरं आहेत.”