राघोच्या टेम्पोतली घंटा

घंटा बैलाच्या गळ्यातली होती. राघोच्या वडिलांचे बैल कधीच गेले, वरसाव्याच्या त्यांच्या शेतावर लग्नाचा हॉल उभा राहिला, पण घंटा त्याने जपून ठेवली होती. टेम्पोच्या केबिनमध्ये आपल्या डाव्या कानाशी त्याने ती टांगली, दोरी मागच्या खिडकीतून हौद्यात सोडली आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं.

“एक झटका म्हंजे वाढव. दोन म्हंजे हलू हलू कमी कर. तीन म्हंजे पोर पडली. तीनची पाळी येयाची न्हाय. पाठ हाय ना, आजी?”

“पाठ आहे,” मी म्हटलं. दोरी मुठीत आवळून धरली.

हे दोन हजार सहा सालचं. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांची. माझी नात संचिता अठरा वर्षांची झाली आणि सायकलच्या शर्यतीत तिचा ज्युनियर गट संपला. आता मोठ्या बायकांबरोबर पळायचं. त्यांत रेल्वेत नोकरीला लागलेल्या, राष्ट्रीय कॅम्पला राहून आलेल्या, परदेशी जाऊन आलेल्या. राघो स्वतः एके काळी राज्यापर्यंत पळालेला. आता दिवसा पिण्याच्या पाण्याचे जार पोचवायचा आणि पहाटे संचिताला शिकवायचा. पायऱ्या तो बोटांवर सांगे : जिल्हा, राज्य, नॅशनल, मग कॅम्प. “दुसऱ्या पायरीवर सगले मरतात,” म्हणायचा. “मी बी थितंच मेलो.”

कारण असं की मोठ्यांचा घोळका मध्येच अचानक सुटतो. त्या वेगाची पायांना सवय नसली तर मागे पडायचं, आणि एकदा मागे पडलं की वारा एकटीने कापायचा. अशी सवय घोळक्यातच लागते. मिरा रोडला घोळका कुठून आणणार? म्हणून टेम्पो. टेम्पोच्या पाठीला चिकटून पळायचं, वारा टेम्पो खातो. मागे त्याने आडवा पाइप लावून त्यावर जुनी ट्यूब गुंडाळली होती, चाक टेकलंच तर पोर उडू नये म्हणून. इतक्या जवळ आलेली सायकल आरशात दिसत नाही. मागे तोंड करून कोणीतरी बसायला हवं.

माझा मुलगा महिपत भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात रात्रपाळीला. सूनबाई स्वातीला पहाटे डबे. महिपतने एकच अट घातली. “अंधारात परक्या माणसाबरोबर पोरगी एकटी जाणार नाही. घरचं कोणीतरी पाहिजे. आई, तू बसशील?”

मी हो म्हटलं. घाबरते म्हणून कसं सांगणार? साठ वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

चिपळूणला माझा भाऊ विठू होता, चौदा वर्षांचा. भाड्याची सायकल अर्ध्या तासासाठी आणायचा. मी नऊ वर्षांची, मागे कॅरिअरवर. उतारावर ब्रेक लागेना. त्याने पायडल सोडून दिलं, तेव्हा मागचं चाक टिक-टिक-टिक वाजायला लागलं आणि ती टिकटिक जलद होत गेली. “शकू, उडी मार!” तो ओरडला. मी मारली. तो गेला तसाच खाली, वळणाकडे. टिकटिक ऐकू येत होती, मग आली नाही.

आईला मी सांगितलं, मी पडले. उडी मारली असं तिला कधीच म्हटलं नाही.

तर रोज पहाटे साडेपाचला शांती नगरच्या कोपऱ्यावर टेम्पो यायचा. काशीमिऱ्याच्या नाक्यावरून वरसाव्यापर्यंत संचिता टेम्पोचा आडोसा न घेता पाय मोकळे करायची, खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे उजवीकडे घोडबंदरच्या रस्त्याला लागलं की टेम्पोच्या मागे यायची. मी पाण्याच्या जारवर पोतं घालून बसायची. तिचं पुढचं चाक माझ्या पावलांपासून दीड हातावर. तिच्या मागे ट्रकचे दिवे. वेग हवा असला की ती हँडलवरचं उजवं बोट उचलायची. तिचं ओरडणं पुढे केबिनपर्यंत पोचत नसे. “वेग पोरीनं मागायचा,” राघोचा नियम होता. “मी माज्या मनानं दिला तर मरेल ती.”

पहिले चार दिवस मी नीट दोरी ओढली. पाचव्या दिवशी टेम्पोचा वेग ताशी बेचाळीस किलोमीटर होता आणि तिने बोट उचललं. त्याच वेळी मागच्या कंटेनरने हॉर्न मारला, ती एक क्षण पाय थांबवून सावरली आणि तिचं मागचं चाक वाजलं. टिक-टिक-टिक.

मी डोळे मिटले. दोरी ओढली नाही.

डोळे उघडले तर ती तशीच होती, बोट परत हँडलवर. काही बिघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही ओढली नाही. मग ओढलीच नाही. बेचाळीसच्या पुढे बोट उठलं की मी डोळे मिटून घ्यायची. असे तीन आठवडे गेले आणि मी मनाशी म्हणायची, बघ, कशी धडधाकट घरी आणली.

राघो वहीत रोजचा वेग लिहायचा. एका गुरुवारी त्याने टेम्पो टपरीपाशी थांबवला आणि चहा न घेताच बोलला.

“संचिता, तू बेचालीसलाच अडकलीस. पुढं मागतच न्हायस. पाय संपले का?”

ती घामाने निथळत होती. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगणार. 

“मागितलं नाही, सर,” ती म्हणाली. “मीच मागितलं नाही.”

“मंग ऐक. शनिवारी फॉर्मचा शेवटचा दिवस. पन्नासला चिकटलीस तर मोठ्यांच्या गटाचा फॉर्म भरीन. न्हायतर न्हाय. तुला त्यांच्या मधी ढकलून मी पाप घेयाचा न्हाय. पुढच्या वर्सी बगू.”

“पुढच्या वर्षी बाबा सायकल ठेवतील का, सर? कॉलेजनंतर कामाला लाग म्हणतायत.”

 राघोने वही मिटून केबिनमध्ये टाकली.

त्या संध्याकाळी मी तिच्या पोटऱ्यांना तेल लावत होते. स्वाती ओट्याशी भाजी चिरत होती, म्हणून संचिता हळू बोलली.

“आजी, मी बोट उचलते तेव्हा तू कुठे बघतेस?”

“रस्त्याकडे.”

“खोटारडी. मला समोर तूच दिसतेस ना! डोळे मिटतेस. देवळात बसल्यासारखी.”

मी तेलाची वाटी उचलली, परत ठेवली. “मग सरांना का नाही सांगितलंस?”

“तुला उतरवलं असतं त्यांनी. मग मागे कोण बसणार? मम्मी? ती तर रिक्षातसुद्धा ओरडते.”

“मी तुला सांभाळतेय, बाळा.”

“नाही सांभाळत!” ती उठून बसली. “गेल्या वर्षी ज्युनियरला मी मागे पडले ना, तेव्हा काय झालं माहितीये? शर्यतीमागची शेवटची जीप निघून गेली की पोलीस रस्ता गाड्यांना खुला करतात. ट्रक, एसटी, सगळं एकदम अंगावर. वीस किलोमीटर मी एकटी. एकाने इतकं जवळून घेतलं की हँडलवर मी बुजगावण्यासारखी ताठ झाले. घोळक्यात मला कधी भीती वाटली नाही, आजी. मागे पडले तेव्हा वाटली. तू मला रोज तिथेच ठेवतेयस.”

हे तिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मी तिच्या पायाला हात लावून बसून राहिले. मग मी तिला विठूचं सांगितलं. सगळं. उडी मारली, हेही.

तिने माझा तेलकट हात धरला. मग म्हणाली, “त्याने उडी मार म्हटलं आणि तू मारलीस. त्याचं ऐकलंस. माझं का ऐकत नाहीस?”

शुक्रवारी राघोने विश्रांती दिली. शनिवारी दोरी हातातून सुटू नये म्हणून मी ती मनगटाला दोन वेढे देऊन घेतली. राघोने ते बघितलं.

“काय आजी, बैल धरताय का?”

“तू पुढे बघ,” मी म्हटलं.

घोडबंदरच्या रस्त्याला लागलो. डावीकडे खाडीवर अजून धुकं होतं. पस्तीस. चाळीस. वेग मला आता इंजिनाच्या आवाजावरून कळायचा. बेचाळीस झाले आणि तिचं बोट उठलं.

मी डोळे उघडे ठेवले. एवढंच ठरवून आले होते. तिचा चेहरा लाल, तोंड उघडं, कपाळाची शीर फुगलेली. तिच्यामागे, फार मागे नाही, सिमेंटची गाडी.  मी दोरी ओढली. घंटा वाजली आणि टेम्पोने उचल खाल्ली.

तिचं चाक मागे सरकलं. एक हात, दोन हात, तीन हात. ती वाऱ्यात सापडली, सायकल डावी-उजवी झुलायला लागली. दोन झटके दे, माझा हात म्हणत होता. दोन झटके आणि सगळं थांबेल. पण तिचं बोट खाली नव्हतं. ती मान खाली घालून ओढत होती आणि इंचाइंचाने चाक परत जवळ आलं. पाइपपाशी आलं. चिकटलं.

तेव्हा मी कान दिला. टिकटिक नव्हती. साखळीचा एकसारखा घरघर आवाज होता, जात्यासारखा. पायडल मारत असलं की चाक वाजत नाही. वाजतं ते सोडून दिलेलं. साठ वर्षं मी तो आवाज घेऊन हिंडले आणि हे साधं मला तोवर उमगलं नव्हतं.

बोट उठलं. ओढली. परत उठलं. परत ओढली. हौद्यातले रिकामे जार एकमेकांवर आपटायला लागले.

“पन्नास!” राघो केबिनमधून ओरडला. “आजी, झाले पन्नास! बास!”

मी संचिताकडे बघितलं. तिनेही ऐकलं असावं, ओठ हलल्यासारखे वाटले. सिमेंटची गाडी मागे राहिली होती, लहान दिसत होती. पुढे गायमुखचा उतार आणि वळण. वळण मला पाठीला जाणवत होतं, बघायची गरज नव्हती. मनगटात दोरी रुतली होती.

तिने बोट उचललं.

“आजी, बास म्हनलं ना!”

मी दोरी ओढली.